पाणी कमी आहे

मिरजेच्या दवाखान्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र परत परत फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी कमी आहे. वाढही मागे आहे. आता पडून राहायचं." पहिल्या खेपेला असंच पोटातलं बाळ गेलं होतं.

मी विश्रामबागच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या ताऱ्यांभोवती जगण्याजोगे ग्रह कसे घडतात, यावर माझा प्रबंध चालू होता. पडल्या पडल्या मन रमावं म्हणून तेच वाचत होते. माझी काळजी घ्यायला सासूबाई जतहून आल्या होत्या; त्यांना मी आत्या म्हणते. एका दुपारी डोक्याला तेल लावताना त्यांनी विचारलं, "एवढं काय वाचतीस गं?"

मी सांगितलं. नव्या ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची चकती फिरत असते. कणाला कण चिकटून खडे होतात, खड्यांचे डोंगर होतात, डोंगर एकमेकांवर आदळून ग्रह होतो. पण ताऱ्याजवळ इतकं तापलेलं असतं, की तिथला ग्रह बहुतेक कोरडाच घडतो. त्याला पाणी लांबून, बर्फाळ दगडांबरोबर मिळतं.

"आन् न्हाई आलं तर?"

"मग नुसता दगड राहतो, आत्या. आलं तरी टिकेलच असं नाही. तारा भडकला तर हवा-पाणी सगळं उडून जातं."

त्यांचा हात थांबला. टँकरची वाट बघण्यात उन्हाळे काढलेली बाई ती. "बास कर," त्या म्हणाल्या. "ह्या दिवसांत असलं वाचू नगं. मला लय भ्या वाटतंय."

त्या घाबरल्यात म्हटल्यावर माझा उरलासुरला धीर गेला. मी पुस्तक मिटलं.

पुढे एका सकाळी बाळाची हालचालच जाणवेना. कूस बदलली, गार पाणी प्यायले. काही नाही. रिक्षात सासूबाईंनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. दवाखान्यात लगेच ऑपरेशन झालं. मुलगी. आधी रडलीच नाही. मग मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला, आणि तिला काचेच्या पेटीत नेलं. "जगंल न्हवं?" सासूबाई दिसेल त्या नर्सला विचारत होत्या.

ती जगली. आता बालवाडीत जाते. तरी दुपारी झोपली, की आम्ही दोघी आळीपाळीनं तिच्या नाकाशी बोट धरून बघतो. एकीला दुसरी दिसली, तर काहीतरी कामाला आल्यासारखं करतो.