पडायला शिकले त्या तासाची गोष्ट

कितीतरी हिवाळे मी स्कीच्या टेकडीखालच्या कॅफेटेरियात बॅगा सांभाळत काढले. नवरा आणि मुलगी वर जायचे, मी थर्मासमधला चहा पीत खिडकीतून बघायची. निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मात्र कॅनडातल्या, मार्कहॅमच्या घरात माझा पाय ठरेना. बर्फ नसला तरी फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करायला निघायची. शेवटी कुणालाही न विचारता एका तासाचा स्की लेसन बुक केला.

टेकडीकडे गाडी चालवताना मुलगी म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टू डू धिस."

"माहितीये," म्हणून मी सीटबेल्टशी चाळा करत राहिले.

आठवडाभर व्हिडिओ बघून मी सगळं पाठ केलं होतं. शिकवायला आली ती सत्तरीकडे झुकलेली, क्युबेककडची बाई. तिने माझी एक स्की काढायला लावली आणि सपाटीवरच एका पायाने घसरत चालायला सांगितलं. मग दुसऱ्या पायाने. वीस मिनिटं त्यातच गेली. शेजारून चार-चार वर्षांची मुलं सुळकन निघून जात होती.

"वर कधी जायचं?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"तुम्ही सारखं घड्याळ का बघताय?"

"तास संपेल ना!"

"आणि वर गेल्यावर काय होईल?"

"पडेन." तोंडातून निघूनच गेलं. मग सांगितलं, की घराच्या दारातच बर्फावरून घसरून माझं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून धास्ती बसलीय.

"हे आधी सांगायचं! चला, आज पडूच या."

दोन्ही स्की चढवल्या आणि उरलेला वेळ आम्ही पायथ्याच्या जराशा उतारावर पडत होतो. एका कुशीवर कलायचं, हात जवळ घ्यायचे, स्की उताराला आडव्या करायच्या आणि उठायचं. पहिल्यांदा मी तिच्या खांद्याला लोंबकळले. सातव्यांदा एकटी उठले. एवढ्या थंडीत घामाने भिजले होते.

तास संपला, तरी मी वर गेलेच नव्हते. शिकवणारी बाई गेल्यावर थोडा वेळ चुळबुळत थांबले आणि मग सरळ, वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिले. खाली येताना दोनदा आपटले. मुलगी हात द्यायला धावली.

"थांब," म्हटलं, आणि उठले.

"आई, इट्स गेटिंग डार्क. वी शुड गो."

"एकदाच," म्हणत मी पुन्हा पट्ट्याकडे निघालेसुद्धा.