उभ्याने वाचणारे वकील

वेस्ट मांबलमला आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील राहायचे. कागद घेऊन आलेल्याला आधी खुर्चीत बसवायचे आणि स्वतः उभ्याने वाचायचे. स्टेशनबाहेरच्या फूलवालीची जागा त्यांनीच कोर्टात भांडून वाचवली होती. ते खासदार झाले तेव्हा पहिला हार तिनेच घातला.

वर्षभरात तिला तिथून हुसकावलं. तिला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आम्ही दोघी उभ्या, आणि ते खुर्चीत बसून मोबाइलची बटणं दाबताहेत. तिला म्हणाले, "तेव्हा मी तुमचा वकील होतो, अम्मा. आता सगळ्यांचा खासदार आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि तिने जपलेला, जागेच्या खटल्यातला जुना अर्ज उभ्याने, मोठ्याने वाचला, अगदी खालच्या सहीपर्यंत. सही त्यांचीच होती.