उजव्या डोळ्याच्या पापण्या

पिरंगुटच्या बाजारात, पौड रस्त्याला लागून एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जस्मीन तांबोळीचं पार्लर आहे. खाली तिच्या सासऱ्यांचं, बाबालालभाईंचं बी-बियाणांचं दुकान. जिना चढताना खताचा वास येतो आणि वरचं दार उघडलं की गुलाबपाण्याचा. बरीच वर्षं तिच्याकडे भुवया करायला, मेंदी काढायला आणि लग्नसराईत नवरीच्या मेकअपसाठी बायका यायच्या. मग भूगावात इमारतींमागून इमारती उठल्या. तिथल्या नोकरदार मुली येऊन विचारू लागल्या, लॅश एक्स्टेन्शन करता का. जस्मीनला ते येत नव्हतं. नाही म्हणायचं तिला आवडेना, म्हणून कोथरूडला जाऊन ती रीतसर शिकून आली.

काम मोठं चिकाटीचं. गिऱ्हाईक डोळे मिटून पलंगावर पडलेलं, आणि आपण चिमट्यानं पापणीच्या एकेका केसावर दुसरा लांब केस चिकटवत बसायचं. पण ते टिकणार की नाही, हे ठरतं गिऱ्हाईक घरी जाऊन झोपल्यावर. डोळा उशीवर घासला की केस वाकतात, गळतात. म्हणून जस्मीन प्रत्येकीला बजावून सांगायची: पाठीवर झोपा, उशीला सॅटिनचा अभ्रा घाला, डोळ्यांभोवती तेल लावू नका, उठल्यावर छोट्या ब्रशनं पापण्या विंचरा.

गौतमी ही तिची अशीच एक गिऱ्हाईक. मूळची लातूरची, हिंजवडीत नोकरी, नवरा रोहितबरोबर भूगावात राहायला. भावाच्या लग्नासाठी तिनं पहिल्यांदा पापण्या लावून घेतल्या. लग्न झालं, फोटो छान आले, आणि आठवड्याभरानं ती परत आली. डावा डोळा जसाच्या तसा, उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेचे केस मात्र विरळ झालेले आणि राहिलेले वेडेवाकडे.

जस्मीनला वाटलं, चूक आपलीच. उजवा डोळा ती शेवटी घ्यायची, तोवर हात आणि मान दोन्ही अवघडलेली असायची. पुढच्या वेळी तिनं उजव्यापासून सुरुवात केली. तरी उजवाच गेला. तिनं गोंद बदलून पाहिला, तरी तेच.

"झोपता कशा तुम्ही?" तिनं विचारलं.

"पाठीवर. तुम्ही सांगितलंय तशीच," गौतमी म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. झोपताना ती खरोखरच पाठीवर असायची.

जस्मीनच्या डोक्यातून हे जाईना. घरी, रस्त्यात, जिथं कुणी झोपलेलं दिसेल तिथं तिची नजर जाऊ लागली. सासरे दुपारी दुकानातल्या बाकड्यावर उताणे पडायचे आणि घोरायला लागले की भिंतीकडे वळायचे. नवरा फिरोज कारखान्यातून पहिली पाळी करून आला की पालथा पडायचा आणि उठायचा तेव्हा डोकं असायचं पलंगाच्या दुसऱ्याच टोकाला. पौडच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून पेंगणारी माणसंसुद्धा ती न्याहाळायची. सगळ्यांना विचारलं तर सगळेच सांगायचे, आपण हललोच नाही म्हणून.

सासू आबेदा तिचं हे बघत होत्या. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, झोपल्यावं मानूस कुनाचं ऐकतंय व्हय? तू सांगनार, ती मान डोलवनार, आन अंग आपलं वळायचं तिकडं वळनारच."

जस्मीनला ते पटलं. मग अंग वळतं तरी कुठं, हे तिला बघायचं होतं. तिनं गौतमीला सांगितलं, उशीला गडद रंगाचा अभ्रा घाला, दोन्ही गालांना थोडी पावडर लावून झोपा आणि सकाळी उशीचा फोटो पाठवा. गौतमीला गंमत वाटली. सकाळी फोटो आला. निळ्या अभ्र्यावर एकाच गालाचा पांढरा ठसा. दुसऱ्या दिवशीही तोच, आणि तो उजव्या गालाचा होता. रोज पाठीवर झोपणारी गौतमी रोज न चुकता उजव्या कुशीवर उठत होती.

एवढं कळल्यावर उपाय सोपा वाटला. जस्मीननं सुचवलं, उजव्या बाजूला गोधडीची गुंडाळी ठेवा, म्हणजे वळता येणार नाही. गौतमीनं तसं केलं, आणि उजव्या पापण्या टिकल्या. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा उजवा डोळा छान भरलेला होता. या वेळी डाव्याच्याच चारदोन गळलेल्या जागा भरायच्या होत्या.

पलंगावर पडल्या पडल्या गौतमी सांगू लागली. आता उजवीकडे वळता येत नाही, म्हणून ती डाव्या कुशीवर जात होती, आणि झोप अशी लागायची की गजर ऐकूच येत नव्हता. रोहित रात्रपाळी करून सकाळी आला, तर किल्ली घरातच राहिलेली. त्यानं बेल वाजवली, फोन केले, दार ठोकलं. शेवटी शेजारच्या काकू बाहेर आल्या, पण गौतमी काही उठली नाही. "तुमच्या पापण्यांनी मला कुंभकर्ण केलं," असं म्हणून ती हसली.

जस्मीनही हसली. मग तिचा चिमटा हवेतच थांबला. बाईची झोप बदलली म्हणावी, तर दोन्हीकडे झोप तीच, फक्त कूस बदललेली. डाव्या कुशीवर डावा कान उशीत जातो. मग वर राहतो तो उजवा.

"गौतमीताई, फोन कुठल्या कानाला लावता?"

"डाव्या. का?"

"कधी उजव्याला?"

गौतमी आठवू लागली. ऑफिसच्या कॉललाही हेडफोन ती डावीकडेच सरकवून घ्यायची, हे तिला आता जाणवलं. डोळे मिटलेले होते, त्यामुळे ती तशीच पडून राहिली आणि हळूच तिनं बोटानं डावा कान घट्ट बंद केला. खाली रस्त्यावर टेम्पोचे भोंगे चालले होते, मालाची पोती उतरवणाऱ्यांची हाकाटी चालली होती.

"ताई, खाली गाड्या थांबल्या का?" तिनं विचारलं.

"नाही," जस्मीन म्हणाली.

गौतमीनं बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग लहानपणी आपला उजवा कान फुटायचा, आई कापूस घालायची, हे तिनं सांगितलं. पुढं तो वाहायचा थांबला आणि सगळे विसरून गेले. ती स्वतःसुद्धा.

पुण्यात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा पडद्याला जुनं भोक निघालं. हळूहळू कमी होत जाणारं ऐकू येणं माणसाच्या लक्षात येत नाही, असं ते म्हणाले. गौतमीनं त्यांना उजव्या कुशीचंही विचारलं. चांगला कान वर ठेवायची सवय लहानपणीच लागली असेल का? डॉक्टर म्हणाले, असेलही, नुसती सवयही असेल, खात्रीनं नाही सांगता येणार. जस्मीननं मात्र कोण कुठल्या कुशीवर झोपतं आणि का, हे पुढं कितीतरी जणींना विचारलं. एकीनं सांगितलं, बाळ ज्या बाजूला असायचं त्या बाजूची सवय लागली ती लागलीच. दुसरी भिंतीकडे तोंड करूनच झोपायची, कारण माहेरी खोलीत खूप जण असायचे.

गौतमीच्या कानाचं ऑपरेशन झालं. त्या काळात पापण्या लावणं बंद होतं. ऐकू येणं पुरतं भरून आलं नाही, पण बरंच सुधारलं. नंतर ती आली, ते फक्त भुवयांसाठी; आधी त्या ती पापण्यांबरोबरच करून घ्यायची. आता एक्स्टेन्शन नको वाटतात, म्हणाली, झोपेत सारखं लक्ष ठेवावं लागतं. जस्मीनला थोडं वाईट वाटलं, कारण ते डोळे तिनं मन लावून केले होते. ती दोरा घेऊन गौतमीच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि भुवई करू लागली.

"हा आवाज कसला?" गौतमीनं विचारलं.

"कुठला?"

"कर्र कर्र. अगदी कानाशी."

जस्मीननं हात थांबवला, मग पुन्हा दोरा फिरवला. "हा? दोऱ्याचा आहे."

"आधीपण यायचा?"

"दर वेळी," जस्मीन म्हणाली. गौतमीनं मान किंचित तिच्याकडे वळवली आणि डोळे मिटून ती ऐकत राहिली.