टू-इन-वनमधली आई

माझी रूम पार्टनर फिलिपाइन्समधल्या एका बेटावरची होती. बेट एवढंसं, पण तो एक अख्खा प्रांत होता आणि त्याला स्वतःचा गव्हर्नर होता. यावरून मी तिला पुष्कळ छळायचे. आमची वसईसुद्धा याहून मोठी असेल, म्हणायचे. "असेल," ती म्हणायची, "पण तुमच्या वसईत ज्वालामुखी आहेत का?" खलास.

आम्ही दोघी दोह्यात एकाच हॉस्पिटलात नर्स होतो आणि फरीज बिन ओमरान भागातल्या एका फ्लॅटमध्ये एक खोली वाटून राहायचो. दोघी कॅथलिक, दोघींची मुलं मागे राहिलेली. माझा मुलगा वसईला सासूबाईंजवळ, तिची मुलगी बेटावर तिच्या आईजवळ. मुलगी जेमतेम वर्षाची असताना ती इकडे आली होती. मधली एक रजा तिनं घेतलीच नाही, घरावर पक्कं छप्पर घालायचं होतं म्हणून. रजेऐवजी कॅसेट जायच्या. त्या काळात आखातातून सगळेच कॅसेट पाठवायचे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मिस्साच्या प्रार्थनेहून आलं की ती पलंगावर मांडी घालून टू-इन-वन टेपरेकॉर्डरसमोर बसायची, मुलीशी गप्पा मारायची, अंगाई म्हणायची. तसाच एक टू-इन-वन तिनं घरीही पाठवला होता.

शेवटी चार वर्षांनी ती आठवडाभराच्या रजेवर निघाली, तेव्हा मला म्हणाली, "तू पण चल. मला एकटीनं जायची भीती वाटते."

"स्वतःच्या घरी जायची कसली आली भीती?" मी वैतागले. पण माझीही रजा तेव्हाच होती. वसईला जाण्याआधी आठवडाभर तिच्याबरोबर गेले.

लाँचमधून बेट दिसलं ते काळपट डोंगरांचं, माथ्यावर ढग आणि खाली समुद्रापर्यंत माड. किनाऱ्यावरची वाळूही काळी. धक्क्यावरून आम्ही थेट तिच्या घरी गेलो. दारात उभी राहून तिनं मुलीला हाक मारली आणि आतून मुलगी धावत आली. आली, आमच्याकडे पाहिलं आणि तशीच उलटी फिरून पुन्हा आत पळाली. आम्ही मागोमाग गेलो. ती फळीवरच्या टू-इन-वनला कान लावून उभी होती.

"हीच तुझी मम्मा," आजी म्हणाली. मुलीनं नकारार्थी मान हलवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत पांढरी टोपी घातलेली नर्स होती. मम्मा दोह्यात ड्यूटीवर आहे, ती म्हणाली.

हे सगळं मला माझी मैत्रीणच इंग्रजीत सांगत होती. तिथली भाषा मला कुठे कळत होती!

दुपारी मुलगी कॅसेट लावल्याशिवाय झोपत नसे. बांबूच्या भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघी चटईवर पडलो होतो आणि पलीकडे हिचाच आवाज हिच्या मुलीला थोपटत होता. कॅसेटमध्ये मागे आमच्या दोह्याच्या खोलीतला एसी घुरघुरत होता. मध्येच त्या आवाजात माझा आवाज आला, स्वयंपाकघरातून दिलेला, अस्सल मराठीत: "अगं, चहा झाला!" पलीकडून मुलगीही झोपाळल्या सुरात म्हणाली, "चहा झाला."

मैत्रीण ताडकन उठून बसली. "हे तू तिच्यासमोर म्हण," ती मला म्हणाली. "आवाज ओळखेल. म्हणजे मलाही ओळखेल."

मुलगी उठल्यावर मी तिच्यासमोर बसून म्हणाले, "अगं, चहा झाला!" मुलगी डोळे विस्फारून बघत राहिली, मग खुदकन हसली आणि सरळ येऊन माझ्या मांडीवर बसली. कॅसेटमधली बाई खरोखरच आली होती. आता ही मुलगी मला सोडेना. माझ्या हातून जेवायची, माझा हात धरून हिंडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला तिच्या आजीचा राग आला, मुलीचा आला, दोह्याचा तर फारच आला.

एका संध्याकाळी आम्ही समुद्रातला क्रूस बघायला गेलो. पूर्वी कधीतरी ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथलं कबरस्थान पाण्याखाली गेलं होतं, त्याचीच खूण म्हणून तो उभारलेला. मैत्रिणीचे पूर्वज तिथेच खाली होते. वसईला आम्ही कबरीवर मेणबत्त्या लावतो. इथे लोक पाण्यावर फुलं सोडतात, ती म्हणाली. तिनं थोडी फुलं मुलीच्या हातात द्यायला धरली. मुलीनं ती घेतली, "थँक यू, मॅडम" म्हणाली आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

आम्ही दोघी निघायच्या दिवशी आजी मुलीला घेऊन धक्क्यावर आली. मैत्रिणीनं मुलीला जवळ घेतलं, मुलीनं घेऊ दिलं. पाहुण्यांना घेऊ देतात तसं. मग ती माझ्याकडे आली आणि माझा फ्रॉक ओढून काहीतरी लांबलचक बोलली. मी सवयीनं मैत्रिणीकडे पाहिलं. आठवडाभर सगळं तीच तर सांगत आली होती.

तिनं इंग्रजीत सांगितलं. "ती म्हणतेय, आंटी, तू मम्माजवळच राहतेस ना? मग तिला सांग, या वेळी कॅसेट मोठी कर. लवकर संपते."

"सांगेन म्हणावं," मी म्हणाले.

मैत्रीण खाली वाकली आणि तिनं मुलीला त्यांच्या भाषेत ते सांगितलं, हसून, नीट समजावून. मुलीचं समाधान झालं. लाँच सुटली तेव्हा ती आजीचं बोट धरून उभी होती आणि दुसरा हात हलवत होती, मला.