ताईच्या वाट्याची भाकरी

ऑगस्टमधल्या एका रविवारी माझी ताई तळेगावच्या दवाखान्यात वारली. लोणावळ्यात भुशी धरणाच्या वाटेवरची आमची भज्यांची टपरी त्या दिवशी बंद होती.

ताईचा चेहरा आदल्या हिवाळ्यापासून सुजत होता. पापण्या जड झाल्या, आवाज घोगरा झाला, केस गळू लागले. मेमध्ये पेटलेल्या स्टोव्हपुढे ती स्वेटर घालून बसायची. आईने यातून एकच अर्थ काढला. कढई ताईच्या हातात होती आणि अंग ताईचं वाढत होतं.

"गिऱ्हाइकाच्या आधी हिच्याच पोटात घाणा जातोय," आई म्हणायची.

शेजारी मक्याची कणसं भाजणारी मावशी हसायची. "अगं, आता टपरी रुंद करावी लागंल. लय पसरलीस."

"करा की, मावशी," ताई सावकाश म्हणायची. "तुमच्याच बाजूनं करू. तुमचं कणीस कुणाला पायजे?"

पूर्वी ती हे चटकन म्हणाली असती. आता तिचं वाक्य संपेपर्यंत मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असे.

आईने ताईचं जेवण कमी केलं. सकाळी एक भाकरी, रात्री अर्धी, तीही आईसमोर बसून. कॉलेजच्या सुटीत घरी असलेली मी शेजारी बसून पोटभर जेवायचे. मी बारीक होते, म्हणून माझ्या ताटाकडे कुणी पाहत नसे. ताई मुकाट्याने खायची आणि तरी सुजायची. प्रत्येक आठवड्याला आईला तिच्या चोरीचा नवा पुरावा मिळायचा.

जूनमध्ये एका गिऱ्हाइकाला भज्यात केस सापडला. आईने तिला कढईवरून उठवलं आणि टपरीमागे बशा धुवायला बसवलं. तिथे वरून पावसाच्या पागोळ्या पडायच्या. ताई फक्त म्हणाली, "आई, मला थंडी सोसत न्हाई."

"चरबी हाय की एवढी. तुला कसली थंडी?"

तिला खोकला झाला. मग ती दिवसाही झोपू लागली. आई तिला सोंगाडी म्हणाली. एका सकाळी आईने हाक मारली, हलवलं, शेवटी पांघरूण ओढलं. ताई उठली नाही. हात लावला तर अंग गार होतं आणि श्वास फार हळू चालला होता.

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही तिला तळेगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर बोट दाबून पाहिलं. साध्या सुजेत पडतो तसा खळगा पडला नाही.

"चेहरा असा किती दिवस आहे?"

"खाण्याचं हाय ते, डॉक्टर," आई म्हणाली.

"खाण्याचं नाही. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काम करत नसावी. शरीर थंड पडतं, मंद होतं, सुजतं. कधी रक्त तपासलं नाही? रोज एक गोळी लागली असती."

आईने विचारलं, "एकच?"

रक्त तपासलं. तेच निघालं. त्यात न्यूमोनिया झाला होता. ताई शुद्धीवर आली नाही.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमच्या कुरवंडे गावातले सगळे आले. बुद्धवंदना झाल्यावर मावशी आईला म्हणाली, "खात्यापित्या घरची पोर व्हती." आईने मान डोलावली.

घरात हा आजार असू शकतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाही तपासायला सांगितलं होतं. माझाही निघाला. मी बारीक होते, पण मलाही थंडी वाजायची, बद्धकोष्ठता असायची, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. या तिन्ही गोष्टी मी लोणावळ्याच्या हवेवर आणि अभ्यासावर ढकलल्या होत्या.

मी उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी घेते आणि चहासाठी तासभर थांबते. रक्त कमी म्हणून दिलेली लोहाची गोळी हिच्या आड येते, ती दुपारनंतर घेते. सुरुवातीला दर दोन महिन्यांनी रक्त दिलं, तेव्हा कुठे मात्रा बसली. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, हे मला पटलं आहे.

आई अजून म्हणते, ताई खायची. आता घरात आम्ही दोघीच आहोत. मी गोळी घेते आणि आईशी जेवणाविषयी बोलत नाही.