नोटिशीखालची सही

कॅनडात मी सहा वर्षं राहिले. तिथे घरची सगळ्यात जास्त आठवण कशाची येते, असं कुणी विचारलं की मी आमच्या कोळीण मावशीबद्दल सांगायचे. मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती समुद्रकाठच्या उत्तनहून मासे घेऊन यायची. तीन जिने चढून दाराशी पाटी उतरवायची आणि बेल न वाजवता हाक मारायची, "बाय, दार उघड गो!" मग आईकडून तांब्याभर पाणी घ्यायची आणि माझ्याकडे बघून विचारायची, "ही सुकली कशी? जेवत न्हाय काय?"

कॅनडात बेल वाजली की फक्त पार्सल असायचं. शनिवारी आम्ही तीन-चार मराठी घरं जमायचो, तेव्हा मी मावशीची नक्कल करायचे. सगळे हसायचे. एकदा एकीचे डोळे भरून आले, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. "आमची मावशी" म्हणायचे मी तिला.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. तिचं येणं मीच बंद केलं होतं.

परदेशी जायच्या आदल्या वर्षी मी सोसायटीची सेक्रेटरी होते. गोडदेवच्या एका खोलीतून आम्ही या फ्लॅटमध्ये आलो होतो आणि आपण इथे शोभतो की नाही, ही धास्ती माझ्या मनातून जात नव्हती. एका मीटिंगमध्ये तक्रार आली, जिन्यात माशांचं पाणी सांडतं, वास येतो. आमच्या विंगमध्ये तेव्हा मासे खाणारं घर आमचं एकच. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, तरी मीच पुढे होऊन म्हणाले, "सही बात है, मुझे भी तकलीफ होती है." नोटीस मी लिहिली. मच्छीवालों को अंदर आना मना है. खाली सही केली.

दोन दिवसांनी वॉचमनने तिला गेटवर अडवलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिने वर पाहून हाक मारली. मी हातातला टॉवेल तसाच घेऊन आत आले आणि दार लावून घेतलं.

आईला म्हटलं, "कमिटीने ठरवलं, मी काय करणार?" आई स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढे कॅनडातून मी आईलाच फोन करायचे, "सोडे पाठव ना. मावशीकडचेच हवेत हं." कोलंबीचे ते सुके सोडे यायचे. आई ते कुठून आणि कसे आणते, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

गेल्या वर्षी कायमची परत आले. एका सकाळी आई कापडी पिशवी घेऊन निघाली.

"कुठे चाललीस?"

"उत्तनला. सोडे संपलेत."

तिचे गुडघे दुखतात. उत्तनला जायला दोन बस लागतात.

"इतकी वर्षं तू तिकडे जात होतीस?"

"मग? ती इथे येणार आहे का?" चपला घालत आई म्हणाली.

मी तिच्याबरोबर गेले. मावशी घरासमोर बांबूंवर टांगलेले बोंबील उतरवत होती. आईला पाहताच तिने चटई झटकून अंथरली. त्या दोघी मावशीच्या सुनांबद्दल, औषधांबद्दल बोलत बसल्या. मी उभीच होते. शेवटी बोलले, "मावशी, ती नोटीस मी लिहिली होती."

"म्हायती हाय." तिने हातातलं काम थांबवलं नाही. "वॉचमनला मीच विचारलं, सही कुनाची म्हणून."

मी आईकडे पाहिलं. आई रिकाम्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"ही दुसऱ्या दिवशी आली," मावशी म्हणाली. "हितंच बसून रडली. म्हणाली, पोर माझीच हाय, काय करू?"

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं कसलं? तुला लाज वाटली माझी."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला रडता तरी आलं असतं. मी म्हटलं, नोटीस काढायला लावते, तुम्ही पुन्हा घरी या.

"न्हाय गो. त्या गेटावर न्हाय मी परत उभी र्‍हायची."

तिने सोडे मोजून दिले आणि वर एक मूठ आईच्या पिशवीत टाकली.

मी सोसायटीला पत्र दिलं. नवा सेक्रेटरी हसला. "आंटी, अब तो सब मच्छी ऑनलाइन मँगाते हैं. नोटिस का क्या?" त्याने तो पिवळा पडलेला कागद बोर्डावरून काढून माझ्या हातात दिला. पाच मिनिटांचं काम होतं. हे मी तेव्हाही करू शकले असते.

आता महिन्यातून एकदा आईबरोबर जाते. बसमध्ये चढताना तिला हात देते, येताना पिशवी मी घेते. तिथे पोचलो की त्या दोघी चटईवर बसतात आणि गप्पा सुरू होतात. मी जरा बाजूला बसते. मध्ये बोलायला अजून धजत नाही.