पानशेतच्या नकाशावर जोशीबाईंचं घर

मंडळी, आज बदनापूरच्या आमच्या शाळेत आठवीला १९६१ची पानशेतची धरणफुटी शिकवून राह्यलो होतो. कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा उघडला. धरणापासून पुण्यापर्यंत पाणी कसं आलं, ते पोरांना नदीवर निळी रेघ ओढून दाखवलं.

निवृत्तीनंतरही मराठी शिकवायला येणाऱ्या जोशीबाई मागं उभ्या होत्या. त्यांचं माहेर पुण्याचं.

"सर, जरा थांबा. या पुलाजवळ आमचं घर होतं," त्या म्हणाल्या.

पोरं मागं वळली. बाई तेव्हा लहान होत्या. वडिलांनी खांद्यावर बसवून त्यांना पर्वतीवर नेलं. घरातले सगळे वाचले, घर मात्र गेलं. इतकी वर्षं सोबत शिकवतो, पण मला हे ठाऊक नव्हतं.

"मंग बाई, तुमचं घर नकाशात काहून न्हाई?" पहिल्या बाकावरच्या सुनीतानं विचारलं. "आपण टाकू ना."

बाईंनी स्वतः माऊस धरून बराबर जागेवर खूण केली. पोरींनी नाव टाइप केलं, 'जोशीबाईंचं घर'.

बाई हसून म्हणाल्या, "शनिवारी आईला घेऊन येते. तिला दाखवायचंय."

तुमच्या घरात कुणाचं असं गेलेलं घर आहे का? त्यांना कधी नकाशासमोर बसवलंय?